महिला मार्च मॅडनेस आणि सीडिंगची भांडणं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मार्च मॅडनेस म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलची दर मार्चमध्ये होणारी बाद पद्धतीची राष्ट्रीय स्पर्धा, आणि मी बोलतेय ते महिलांच्या स्पर्धेबद्दल. मार्च उजाडला की माझ्या फोनवर तेच ते प्रश्न येतात. कॉलेजच्या जुन्या टीममधल्या मैत्रिणी, अमेरिकेत शिकायला आलेली भाचरं, आणि ज्यांना बास्केटबॉल फक्त मार्चमध्येच आठवतो असे दोन-तीन दीर, सगळे विचारतात. दरवेळी नव्याने टाइप करून बोटं दुखली म्हणून एकदाच सगळं इथे लिहून ठेवतेय. आकडे 2025 च्या स्पर्धेपर्यंतचे आहेत. आणि आधीच सांगते, मी कनेक्टिकटमध्ये राहते, त्यामुळे यूकॉनबद्दल (म्हणजे कनेक्टिकट विद्यापीठाच्या टीमबद्दल) मी काही बोलले की त्यात चिमूटभर मीठ कमीजास्त तुम्हीच करून घ्या.

1. सीडिंग म्हणजे नेमकं काय? आपल्याकडे पाडतात तसे सरळ लॉट्स का पाडत नाहीत?

लॉट्सचा अनुभव मला आहे ना. आमच्या वेळी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत स्टीलच्या डब्यात चिठ्ठ्या टाकायचे आणि कुणातरी सरांच्या लहान मुलीला एकेक उचलायला लावायचे. एका वर्षी आमची चिठ्ठी निघाली ती थेट आदल्या वर्षीच्या चॅम्पियन टीमसमोर, पहिलीच मॅच, सकाळी आठची. साडेनऊला आम्ही बाहेर, दुपारच्या जेवणाचे डबे अजून गरम होते. आणि दुसऱ्या बाजूने जी टीम फायनलला गेली तिला आम्ही महिन्यापूर्वी पंधरा पॉइंटने हरवलं होतं.

हे होऊ नये म्हणून सीडिंग. म्हणजे आधी टीम्सना ताकदीप्रमाणे क्रम द्यायचा आणि मग ड्रॉ असा लावायचा की तगड्या टीम एकमेकींना उशिरा भेटतील. बक्षीस वरच्या टीमला मिळतं, सुरुवातीला सोपा प्रतिस्पर्धी मिळतो. इथवर कुणाचंच भांडण नाही. भांडण सुरू होतं ते "ताकद" कोण मोजणार आणि कशाने, इथून.

2. टीम 68 आणि सीड मात्र 1 ते 16 च, हे कसं?

ड्रॉचे चार भाग असतात, त्यांना रीजन म्हणतात, आणि प्रत्येक भागात 1 ते 16 सीड. म्हणजे एक नंबरच्या टीम चार, दोन नंबरच्या चार, असं. सोळा चोक चौसष्ट, उरलेल्या चार जास्तीच्या टीमसाठी आधी फर्स्ट फोर नावाच्या चार मॅच होतात, त्यातल्या जिंकणाऱ्या मुख्य ड्रॉमध्ये येतात. महिलांच्यात हे 68 चं गणित 2022 पासून आलंय. 1982 मध्ये स्पर्धा सुरू झाली तेव्हा टीम होत्या 32, आणि 1994 पासून 64.

पण कमिटी आतल्या आत अख्खी 1 ते 68 यादीच करते. त्यामुळे एक नंबरच्या चौघींतही पहिली, दुसरी, तिसरी, चौथी असते. कागदावरचा नियम असा की सगळ्यात वरच्या एक नंबरला दोन नंबरांमधली सगळ्यात कच्ची टीम यावी आणि चौथ्या एक नंबरला सगळ्यात पक्की, साप वळत जातो तसा क्रम वळत जातो. कागदावर म्हटलं कारण मध्ये बरेच खिळे येतात, ते प्रश्न 12 मध्ये.

3. हे ठरवतं कोण? त्यांचे हितसंबंध नसतात का?

एनसीएए, म्हणजे ही स्पर्धा भरवणारी कॉलेज खेळांची संघटना, तिची एक निवड कमिटी असते, त्यात कॉलेजांचे क्रीडा संचालक आणि कॉन्फरन्सचे (म्हणजे सीझनभर आपापसात खेळणाऱ्या कॉलेजांच्या गटांचे) अधिकारी असतात. हो, म्हणजे ज्यांच्या टीम स्पर्धेत आहेत त्यांच्यातलेच लोक. स्वतःच्या कॉलेजची चर्चा निघाली की त्या मेंबरला खोलीबाहेर जावं लागतं आणि त्यावर मतही देता येत नाही. माझ्या मते उघड लबाडीचा प्रश्न इथे नाहीये. प्रश्न असलाच तर सवयीचा आहे, मोठ्या कॉन्फरन्सच्या टीम टीव्हीवर रोज दिसतात, लहानांच्या दिसत नाहीत, आणि कमिटीच्या निकषांमध्ये "प्रत्यक्ष पाहून काय वाटलं" हाही एक निकष आहे. जे रोज दिसतं ते बरंच वाटतं, सासरचं लोणचं सोडून.

68 पैकी साधारण अर्ध्या टीम कमिटी निवडतच नाही, त्या आपापल्या कॉन्फरन्सची स्पर्धा जिंकून थेट येतात. 2025 मध्ये अशा 31 होत्या आणि 37 कमिटीने निवडल्या. सीड मात्र सगळ्यांना कमिटीच देते.

4. नेट रँकिंग, क्वाड वन, हे काय प्रकरण आहे? सोप्या भाषेत सांग.

2020-21 पासून महिलांच्या टीमची ताकद मोजायला नेट रँकिंग वापरतात, त्याआधी आरपीआय नावाचं रँकिंग होतं. आरपीआय मुख्यतः जिंकला-हरला आणि समोर कोण होतं एवढंच बघायचं. नेट त्याबरोबर तुम्ही दर पझेशनला, म्हणजे चेंडू ताब्यात आला की दरवेळी, किती पॉइंट कमावता आणि किती देता, तेही बघतं, समोरची टीम आणि मैदान लक्षात घेऊन.

मग या रँकिंगवरून प्रत्येक मॅच चार गटांत टाकतात. पहिला गट म्हणजे क्वाड वन. घरच्या कोर्टवर पहिल्या 25 मधली टीम समोर असेल तर ती क्वाड वन, तटस्थ ठिकाणी पहिल्या 35 मधली, आणि पाहुणे म्हणून गेलात तर पहिल्या 45 मधली. म्हणजे 40 व्या नंबरच्या टीमला तिच्या घरी हरवणं आणि 20 व्या नंबरच्या टीमला आपल्या घरी हरवणं, दोन्ही एकाच तोलाचं धरलंय.

आता जरा थांबून हे परत वाचा. सीझनभर एनसीएए स्वतःच सांगतंय की घरचं कोर्ट ही एवढी मोठी गोष्ट आहे की तिच्यासाठी वीस रँकिंगची सूट द्यावी लागते. हे डोक्यात ठेवा आणि मग प्रश्न 5 वाचा.

5. पहिल्या 16 टीमना घरच्या कोर्टवर खेळायला मिळतं हे खरंय? मग स्पर्धा कसली ती?

खरंय, आणि माझ्या मते सगळ्या वादाचं मूळ हेच आहे. लोक "आमची टीम एक नंबर हवी होती, दोन का दिला" म्हणून डोकी फोडतात, पण महिलांच्या स्पर्धेत सगळ्यात महाग रेघ 1 आणि 2 मधली नाहीच. ती आहे 16 व्या आणि 17 व्या टीममधली, म्हणजे सीड 4 आणि सीड 5 च्या मधली.

का, ते बघा. 2015 पासून पहिल्या चार सीडच्या टीम, म्हणजे एकूण पहिल्या सोळा, पहिल्या दोन फेऱ्या आपल्या घरी भरवतात. पुरुषांच्यात सगळं तटस्थ ठिकाणी असतं. त्यामुळे पुरुषांच्यात चार नंबर आणि पाच नंबर म्हणजे शर्टाचा रंग बदलला इतकाच फरक. महिलांच्यात चार नंबरची टीम स्वतःच्या गादीवर झोपून, स्वतःच्या जिममध्ये सराव करून, स्वतःच्या बँडच्या आवाजात खेळते आणि पाच नंबरची टीम विमान पकडून हॉटेलात उतरते. ताकदीत दोघींमध्ये फरक किती, तर कमिटीतल्या दोन माणसांचं मत बदललं तर उलटं झालं असतं इतपत.

आकडे बघायचे तर 2024 मध्ये पहिल्या दोन फेऱ्यांनंतर उरलेल्या 16 पैकी 13 टीम यजमान होत्या. 2025 मध्ये परत 16 पैकी 13. यावर कुणी म्हणेल की अगं, त्या चांगल्या होत्या म्हणूनच यजमान होत्या. बरोबरच आहे, एक-दोन सीडबाबत मी वादच घालणार नाही, त्या चंद्रावर खेळल्या तरी जिंकतील. पण 2025 मध्ये ज्या तीन यजमान घरी हरल्या त्या तिन्ही चार नंबरच्या होत्या आणि तिघींना हरवणाऱ्या तिन्ही टीम पाच नंबरच्या. ओले मिसने बेलरला वेकोमध्ये, कॅन्सस स्टेटने केंटकीला लेक्सिंग्टनमध्ये आणि टेनेसीने ओहायो स्टेटला कोलंबसमध्ये. चार नंबरच्या चार यजमानांपैकी तीन पडल्या! म्हणजे घरचा फायदा देऊनही पाच नंबरवाल्या भारी पडल्या. मग मुळात तो फायदा दिला कशाच्या जोरावर?

(यावर माझा एक मित्र म्हणतो, पाचवाल्या जिंकल्या म्हणजे घरच्या कोर्टने काही होत नाही हेच सिद्ध झालं. एका वर्षावरून काही सिद्ध होत नाही रे बाबा. पण दोन्हीकडून वाद घालता येतो हे मान्य.)

6. मग पुरुषांसारखं सगळं तटस्थ ठिकाणी का नाही खेळवत?

कारण करून बघितलंय. 2015 च्या आधी ठिकाणं आधीच ठरलेली असायची आणि त्यातून दोन भानगडी व्हायच्या. एक, ज्या गावाची टीम नाही त्या गावात लोक यायचे नाहीत, रिकाम्या खुर्च्यांसमोर मुली खेळायच्या, टीव्हीवर ते फार केविलवाणं दिसायचं. दोन, यजमानपद आधी दिलेलं असल्यामुळे खालच्या सीडची टीमच घरी खेळायची. 2013 मध्ये डेलावेअर सहा नंबरवर होती, एलेना डेले डॉन तिच्याकडून खेळायची, आणि त्यांनी तीन नंबरच्या नॉर्थ कॅरोलायनाला हरवलं ते स्वतःच्या कॅम्पसवर. वरच्या सीडची टीम पाहुणी, खालची यजमान. त्या मानाने आत्ताची पद्धत सरळ आहे, निदान घर कमावावं तरी लागतं.

आणि घर म्हणजे नुसतं कोर्ट नाही हेही कळायला हवं. 2024 मध्ये यूटाची टीम गोंझागाच्या यजमानपदाखाली स्पोकॅनला खेळायला गेली, शहरातली हॉटेलं भरलेली, म्हणून त्यांची सोय शेजारच्या आयडाहो राज्यातल्या कोर दलेन गावात केली. तिथे त्या मुलींना रस्त्यात वंशद्वेषी शिवीगाळ झाली आणि टीमला हॉटेल बदलावं लागलं. पाच नंबरची टीम होती ती. चार नंबरची असती तर आपल्या घरी झोपली असती.

7. एक नंबरची टीम तरी सुरक्षित असते ना? तिला घरापासून लांब त्रास होत नाही ना?

इथे मी स्वतः पाहिलेलं सांगते. 28 मार्च 2022, ब्रिजपोर्ट, कनेक्टिकट. रीजनची फायनल, एनसी स्टेट एक नंबर, यूकॉन दोन नंबर. रीजनच्या मॅच तटस्थ ठिकाणी असतात, म्हणजे "तटस्थ". यूकॉनच्या कॅम्पसपासून दीड-दोन तासांच्या ड्राइव्हवर. पार्किंगपासून खुर्चीपर्यंत मला निळ्या रंगाशिवाय काही दिसलं नाही, लाल टीशर्टवाले एका कोपऱ्यात मूठभर. माझ्या पुढच्या रांगेत लाल स्वेटर घातलेली एक आजी होती, चौथ्या क्वार्टरपर्यंत तिने स्वेटरवर कोट चढवला, थंडी होती की आणखी काही कोण जाणे.

मॅच गेली डबल ओव्हरटाइमला. पहिला ओव्हरटाइम संपता संपता एनसी स्टेटच्या जकाया ब्राऊन-टर्नरने कोपऱ्यातून तीन पॉइंटचा शॉट मारून बरोबरी केली तेव्हा अख्खा हॉल गप्प झाला, तो लाल कोपरा सोडून. शेवटी यूकॉन 91-87 ने जिंकली, पेज बेकर्सचे 27 पॉइंट. मी ओरडून ओरडून घसा बसवून घेतला. पण गाडीत बसल्यावर मनात आलंच, की सीझनभर राबून एक नंबर मिळवलेल्या टीमला आपण पाहुणी बनवलं. चार पॉइंटचा फरक. हीच मॅच नॉर्थ कॅरोलायनात झाली असती तर?

एनसीएएने मुद्दाम केलं नाही, ब्रिजपोर्ट आधीच ठरलं होतं आणि यूकॉनला जवळ ठेवायचं म्हणून तिथे टाकलं. पण जवळपणाचा फायदा दोन नंबरला आणि खर्च एक नंबरला, हे काही बरोबर नाही. मी यूकॉनवाली असून म्हणतेय.

8. 2025 मध्ये यूकॉनला दोन नंबर दिला आणि तीच चॅम्पियन झाली. मग कमिटी चुकलीच ना?

सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न. उत्तर दोन भागांत.

पहिलं, निकालावरून सीड चूक की बरोबर हे ठरवायचं नसतं. सीड म्हणजे आत्तापर्यंत काय केलंत त्याची पावती, पुढे काय होईल याचं भविष्य नाही. दहावीला 92 टक्के पडलेल्या मुलीने बारावीत 97 काढले म्हणून दहावीची मार्कशीट खोटी होत नाही.

दुसरं, पावती म्हणून तरी बरोबर होती का? एक नंबर मिळाले यूसीएलए, साऊथ कॅरोलायना, टेक्सास आणि यूएससीला, याच क्रमाने. यूकॉन स्पर्धेत आली 31-3 ने. हरली ती नोट्र डाम, यूएससी आणि टेनेसीशी. यातली यूएससीची मॅच हार्टफर्डमध्ये, 72-70. म्हणजे जिला चौथा एक नंबर मिळाला तिच्याकडूनच यूकॉन आपल्याच राज्यात हरली होती, मग यूकॉनला तिच्यावर चढवायचं कसं? दुसऱ्या बाजूला, 16 फेब्रुवारीला हीच यूकॉन साऊथ कॅरोलायनाच्या घरी गेली आणि 87-58 ने मारून आली. 71 मॅच घरी न हरलेली टीम! तेव्हापासून यूकॉन वेगळीच टीम होती हे डोळे असलेल्या कुणालाही दिसत होतं. पण बिग ईस्ट कॉन्फरन्समध्ये त्यानंतर तिला तगडं कुणी भेटलंच नाही, मग कमिटीला दाखवणार काय.

माझं मत, दोन नंबर चालण्यासारखा होता. त्रास झाला तो यूएससीला. चौथा एक नंबर मिळवून बक्षीस काय, तर यूकॉन दोन नंबरवर तुमच्याच भागात. त्यात त्यांची मुख्य खेळाडू जूजू वॉटकिन्स, तिचा गुडघा दुसऱ्या फेरीत गेला आणि पुढे यूकॉनने त्यांना 78-64 ने हरवलं. फायनलमध्ये साऊथ कॅरोलायनाला 82-59 ने.

9. आणि साऊथ कॅरोलायना तरी का चिडली होती? एक नंबर तर मिळाला होता.

एक नंबरांमध्ये पहिला हवा होता. त्यांच्या कोच डॉन स्टेली यांचं म्हणणं, आमचं वेळापत्रक सगळ्यात कठीण होतं. होतंच. पण यूसीएलएने त्यांना नोव्हेंबरमध्ये 77-62 ने हरवलेलं, आणि स्वतः यूसीएलए सीझनभरात फक्त यूएससीशीच हरली, दोनदा. समोरासमोरचा निकाल एवढा स्वच्छ असेल तर मी कमिटीच्या बाजूने.

गंमत बघा, त्याच सीझनला एसईसी कॉन्फरन्समध्ये साऊथ कॅरोलायना आणि टेक्सास दोघी 15-1, एकमेकींशी एक-एक. कॉन्फरन्स स्पर्धेचं पहिलं सीड कुणाला, तर चक्क टॉस केला. साऊथ कॅरोलायना जिंकली. इतकी सॉफ्टवेअरं असून शेवटी नाणंच. आपल्याकडच्या चिठ्ठीच्या डब्याला हसू नका मग.

10. 2024 मध्ये आयोवाला एवढा कठीण ड्रॉ टीव्हीसाठी दिला का?

केटलिन क्लार्कची आयोवा एकूण दुसऱ्या क्रमांकाची टीम. तिच्या भागात दोन नंबर यूसीएलए, तीन नंबर एलएसयू, म्हणजे आदल्या वर्षी फायनलमध्ये आयोवाला हरवलेली चॅम्पियन, चार नंबर कॅन्सस स्टेट, जिने नोव्हेंबरमध्ये आयोवाला आयोवात हरवलेलं, आणि पाच नंबर कोलोराडो, जिने सीझनच्या पहिल्याच मॅचला एलएसयूला हरवलेलं. दुसऱ्या क्रमांकाची ही बक्षिसी? आणि मग आयोवा-एलएसयू मॅच झाली, 94-87, ती बघितली 1 कोटी 23 लाख लोकांनी. संशय येणारच.

पण मला कटबिट वाटत नाही. एलएसयू तीन नंबरवर होती, तिला चार भागांपैकी एका भागात टाकायचंच होतं. चारात एक शक्यता म्हणजे काही फार दुर्मिळ योग नाही. टीव्हीसाठीच करायचं असतं तर ही मॅच फायनल फोरला, म्हणजे शेवटच्या चारात, ठेवली असती, शेवटच्या आठातच का उडवायची? माझी तक्रार वेगळी आहे. एकूण दुसरी टीम म्हणून नाव दिलं तर चारही भागांची एकूण ताकद मोजून बघायला नको का? ते झालेलं दिसलं नाही. आयोवा तिथूनही फायनलला गेली हा तिचा मोठेपणा. ती फायनल, साऊथ कॅरोलायनाने 87-75 ने जिंकलेली, अमेरिकेत सुमारे 1 कोटी 87 लाखांनी बघितली, त्या वर्षीच्या पुरुषांच्या फायनलपेक्षा जवळपास चाळीस लाख जास्त.

11. लहान कॉन्फरन्सच्या टीमवर अन्याय होतो का? हार्वर्डची गोष्ट खरी आहे का?

खरी आहे. 14 मार्च 1998, सोळा नंबरच्या हार्वर्डने एक नंबरच्या स्टॅनफर्डला तिच्याच कॅम्पसवर 71-67 ने हरवलं. ॲलिसन फीस्टरने एकटीने 35 टाकले. कॉलेज बास्केटबॉलमध्ये सोळाने एकाला हरवायची ही पहिलीच वेळ, पुरुषांच्यात हे व्हायला 2018 उजाडलं. स्टॅनफर्डच्या दोन मुख्य खेळाडू, क्रिस्टिन फोल्कल आणि व्हेनेसा नायगार्ड, स्पर्धेच्या तोंडावर गुडघ्याने बाद झाल्या होत्या, तेही खरं. पण हार्वर्ड 22-4 होती, तिला सोळा नंबर देणं हेच मुळात कमिटीचं न बघणं होतं. आणि याची शिक्षा कुणाला, तर स्टॅनफर्डलाही. सोळा नंबर म्हणून आली ती सोळा नंबरची नव्हतीच. चुकीचं सीड दोघींना नडतं, हे लोक विसरतात.

या निकालाची विचित्र बाजू म्हणजे 2025 पर्यंत महिलांच्यात एकाही 14 किंवा 15 नंबरने पहिली मॅच जिंकलेली नाहीये, सोळाने मात्र जिंकलीय.

आज परिस्थिती थोडी बरी आहे, 2025 मध्ये हार्वर्डच्या आयव्ही लीग कॉन्फरन्सच्या तीन टीम आल्या, कोलंबिया, प्रिन्स्टन आणि हार्वर्ड. पण बिग टेन या मोठ्या कॉन्फरन्सच्या त्याच वर्षी 12 होत्या. लहानांची खरी अडचण अशी की मोठ्या टीम त्यांच्याकडे खेळायला जात नाहीत, त्यामुळे क्वाड वन मिळतच नाही (प्रश्न 4), क्वाड वन नाही म्हणून सीड खाली, सीड खाली म्हणून यजमानपद नाही (प्रश्न 5). गोल गोल राणी.

12. आमची टीम सहा नंबरची होती असं सगळे म्हणत होते, सात का दिला? नियमच बदलतात का?

नियम तोच, पण ड्रॉमध्ये बसवताना टीम एक ओळ, म्हणजे एक सीड, वर-खाली सरकवता येते, अगदीच अडलं तर दोन. कारणं ही अशी. एकाच कॉन्फरन्सच्या पहिल्या चार टीम वरच्या चार सीडमध्ये असतील तर त्या वेगवेगळ्या भागांत टाकाव्या लागतात. सीझनमध्ये तीनदा भेटलेल्या एकाच कॉन्फरन्सच्या टीम रीजनच्या फायनलआधी परत भेटू नयेत. बिग टेनच्या बारा टीम असताना हे कोडं सोडवताना कुणीतरी चिरडलं जाणारच. शिवाय ब्रिगहॅम यंग, म्हणजे बीवाययू, धार्मिक कारणाने रविवारी खेळत नाही, तेव्हा ती आली की तिला शनिवार-सोमवारच्या गटातच बसवायचं. एका टीमचा रविवार सांभाळताना दुसरीचं सीड हललं असं होऊ शकतं.

आणि 4 वरून 5 वर सरकलात तर काय जातं ते आता मी परत सांगत नाही.

13. मुख्य खेळाडू जखमी असेल तर सीड खाली येतं का?

येऊ शकतं. स्पर्धेत कोण उपलब्ध आहे हे कमिटी बघते. कमावलेलं सीड जखमेमुळे कापायचं, हे ऐकायला क्रूर आहे. पण 1998 ची स्टॅनफर्ड आठवा, तीच उलटी बाजू. सीड जाहीर झाल्यावर कुणी पडलं, जूजू वॉटकिन्ससारखं, तर मात्र काहीच बदलत नाही.

14. आता रीजन दोनच शहरांत का भरवतात? सगळे त्यावर का वैतागलेत?

2023 पासून चार शहरांऐवजी दोन शहरं, प्रत्येकी दोन भाग. 2023 ला ग्रीनव्हिल आणि सिएटल, 2024 ला ऑल्बनी आणि पोर्टलंड, 2025 ला बर्मिंगहॅम आणि स्पोकॅन. हेतू असा की आठ टीमचे प्रेक्षक एका हॉलमध्ये आले की खुर्च्या भरतात. वैताग असा की अर्ध्या टीमना देश ओलांडावा लागतो. 2025 मध्ये यूकॉनला स्पोकॅनला पाठवलं तेव्हा त्यांचे कोच जीनो ऑरिएमा या पद्धतीवर चांगलेच उखडले होते. ब्रिजपोर्टच्या वेळी ते उखडल्याचं मला आठवत नाही, असो.

15. सीडवर पैसे अवलंबून असतात का?

थेट नाही, पण आडून आहेतच. 2025 पासून महिलांच्या स्पर्धेतही खेळलेल्या मॅचप्रमाणे कॉन्फरन्सना पैसे मिळायला लागले, पहिल्या वर्षी एकूण दीड कोटी डॉलर. पुरुषांच्यात हे 1991 पासून आहे, चौतीस वर्षं उशीर, बोलायचं काम नाही. आता जितक्या फेऱ्या पुढे जाल तितके पैसे, आणि घरच्या कोर्टवर दोन फेऱ्या मिळाल्या की पुढे जाणं सोपं. म्हणजे सोळा-सतराच्या रेघेला आता रुपयांत, सॉरी डॉलरांत, किंमत आली.

हे सगळं बदललं कशामुळे तर 2021 मुळे. सॅन अँटोनिओत सगळी स्पर्धा बंदिस्त होती, ओरेगॉनच्या सेडोना प्रिन्सने मुलींना दिलेल्या व्यायामाच्या साहित्याचा व्हिडिओ टाकला, डंबेल्सचा एक छोटासा स्टँड, आणि पुरुषांना अख्खी जिम. त्यानंतर चौकशी झाली, 2022 पासून महिलांना "मार्च मॅडनेस" हे नाव वापरता आलं आणि टीमही 68 झाल्या. तोवर ते नाव फक्त पुरुषांचं होतं, हे अजून कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही.

16. खालच्या सीडची टीम कधी चॅम्पियन झालीय का?

तीन नंबरच्या खाली कुणीच नाही. 1994 ची नॉर्थ कॅरोलायना, 1997 ची टेनेसी (दहा मॅच हरून!) आणि 2023 ची एलएसयू, तिघी तीन नंबरच्या. फायनल फोरपर्यंत मात्र 1998 मध्ये नऊ नंबरची आर्कन्सॉ गेली होती. म्हणजे वरच्या बारा टीम ओळखण्यात कमिटी बहुतेक वेळा चुकत नाही. आणि घरचं कोर्ट म्हणजे कवच-कुंडलं नव्हेत, 2023 मध्ये इंडियाना आणि स्टॅनफर्ड, दोघी एक नंबर, दोघी दुसऱ्या फेरीत आपापल्या घरी हरल्या.

17. तुझ्या हातात असतं तर काय बदललं असतंस?

एक, 1 ते 3 सीडचं यजमानपद ठेवलं असतं. ते कमावलेलं असतं.

दोन, चार नंबरचं काढलं असतं. 4-5-12-13 चा जो गट होतो तो जवळच्या एखाद्या बास्केटबॉलवेड्या गावात खेळवायचा. हो, खुर्च्या रिकाम्या राहतील, प्रश्न 6 मध्ये मीच लिहिलंय, आणि याला माझ्याकडे पक्कं उत्तर नाहीये. चारच ठिकाणं आहेत, आयोवासारख्या राज्यात कुणीही खेळलं तरी लोक येतात, तिथून सुरुवात करून बघावी एवढंच.

तीन, रीजनमध्ये खालच्या सीडला तिच्या अंगणात आणि वरच्या सीडला परगावात, असं कधीच नाही. अंतर मोजायला गूगल मॅप पुरतो.

18. ड्रॉ भारतात कधी दिसतो?

सिलेक्शन संडेला, म्हणजे ड्रॉ जाहीर होतो त्या रविवारी, महिलांचा कार्यक्रम 2025 मध्ये अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर रात्री आठला होता, म्हणजे आपल्याकडे सोमवारी पहाटे साडेपाच. माझी एक मैत्रीण नाशिकला गॅसवर चहा ठेवून बघते आणि सहा वाजता मला मेसेज टाकते, "पाच नंबर दिला गं मेल्यांनी." तेव्हा मी जागी असते.